वर्डमध्ये बसवलेली एक्सेल शीट दुसरीकडे उघडत नाही: काय तपासायचं आणि काय वाचवता येतं

तक्रार जवळजवळ नेहमी त्याच शब्दांत येते: "काल माझ्याकडे चालत होतं, आज त्यांच्याकडे उघडत नाही." वर्डच्या फाईलमध्ये एक्सेलचा दरांचा तक्ता बसवलेला असतो. बनवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर डबल क्लिक केलं की एक्सेल उघडतं, आकडा बदलतो, बाहेर क्लिक केलं की तक्ता पुन्हा पानावर बसतो. तीच फाईल पुढच्या माणसाकडे गेली की डबल क्लिकला काहीच होत नाही. कधी चित्र निवडल्यासारखे कडेला नुसते ठिपके येतात. कधी तक्ता उघडतो, पण बंद केल्यावर रकाने कापलेले दिसतात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, आकडा बदलल्यासारखा वाटतो पण छापताना जुनाच येतो.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या छोट्या ऑफिसांत हे सारखं होतं, कारण इथे एकाच कामाचे धागे वेगवेगळ्या ठिकाणी असतात. वागळे इस्टेटमधल्या विक्री विभागाकडे मायक्रोसॉफ्ट ऑफिस, रबाळ्याच्या कारखान्यात स्टोअरच्या कॉम्प्युटरवर लिब्रेऑफिस, मालक ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये व्हॉट्सॲपवर आलेली फाईल फोनवर बघणार, आणि अकाउंटंट ती गुगल ड्राइव्हवर चढवणार. एकच फाईल दिवसभरात चार प्रोग्रॅमांच्या हातून जाते. मजकूर या फिरतीत बऱ्यापैकी टिकतो. आत बसवलेली शीट डोळ्यांना दिसत राहते, पण तिचं संपादन कुठल्या तरी टप्प्यावर अडतं. त्याला कारण आहे, आणि ते समजलं की अर्ध्या तक्रारी फोनवरच सुटतात.

आत नेमकं काय ठेवलेलं असतं

डोळ्यांना एक तक्ता दिसतो, पण फाईलमध्ये तीन गोष्टी असतात. पहिली, तक्त्याचं चित्र. पानावर दिसतं ते हे, आणि छापलं जातं तेही हेच. दुसरी, मूळ शीटचा सगळा डेटा, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण एक्सेल फाईल. तिसरी, हा डेटा कुठल्या प्रोग्रॅमनं उघडायचा त्या प्रोग्रॅमचं नाव. डबल क्लिक केल्यावर वर्ड ते नाव वाचतं आणि विंडोजला विचारतं: या नावाचा प्रोग्रॅम इथे नोंदलेला आहे का? असेल तर त्याच्या हाती डेटा दिला जातो, काम संपलं की नवं चित्र काढून परत ठेवलं जातं. नसेल तर हाती उरतं फक्त चित्र.

ही ओएलई नावाची पद्धत मायक्रोसॉफ्टनं १९९० मध्ये आणली आणि ती विंडोजच्या यंत्रणेवर उभी आहे. म्हणून वर्डची फाईल २००७ पासून खुल्या स्वरूपात असली, २००८ पासून त्याचं आयएसओ प्रमाण असलं, तरी आत बसवलेल्या वस्तूचं संपादन त्या प्रमाणात सामावत नाही. फाईलमध्ये वस्तू ठेवायची कशी एवढं तिथे लिहिलं आहे. ती उघडून बदलणारा प्रोग्रॅम प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळा असायचाच. त्यामुळे "फाईल खराब झाली" असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा फाईल धडधाकट असते.

सगळ्यांत आधी: प्रत करा आणि डबल क्लिक करू नका

हे मी कळकळीनं सांगतो. डबल क्लिक केल्याबरोबर तो प्रोग्रॅम नवं चित्र काढायला घेतो. तुमच्याकडे फॉन्ट वेगळा असेल, आवृत्ती वेगळी असेल, तर आतापर्यंत नीट दिसणारं चित्र बदलून जातं आणि सेव्ह केलं की जुनं परत मिळत नाही. नुसती फाईल उघडून वरचा मजकूर बदलला आणि सेव्ह केलं, तर वर्ड आतल्या वस्तूला हात लावत नाही. म्हणून आधी प्रत, मग तपासणी.

तपासणी कीबोर्डनं होते. वर्डमध्ये अल्ट आणि एफ९ एकत्र दाबा. तक्त्याच्या जागी महिरपी कंसात एक ओळ दिसेल. तिथे "एम्बेड" आणि पुढे "एक्सेल.शीट.१२" असेल तर ही २००७ नंतरच्या प्रकारची पूर्ण शीट आत आहे. शेवटी ८ असेल तर ती ९७ ते २००३ च्या जुन्या प्रकारची आहे. "लिंक" असं लिहून पुढे एखाद्या ड्राइव्हचा आणि फोल्डरचा पत्ता असेल, तर आत शीट नाहीच. ती अजून बनवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर आहे आणि तुमच्याकडे फक्त चित्र पोचलं आहे. आणि कसलीच ओळ आली नाही, तक्ता तसाच राहिला, तर दोन शक्यता: कुणीतरी तो चित्र म्हणून चिकटवलाय, किंवा वस्तू मजकुराच्या ओळीत नसून पानावर तरंगती ठेवली आहे. तरंगत्या वस्तूला ही ओळ दिसत नाही, तिच्यासाठी उजवं क्लिक करून मेनूत "वर्कशीट ऑब्जेक्ट" येतं का ते बघायचं. पुन्हा अल्ट आणि एफ९ दाबलं की पान पूर्ववत होतं.

एक्सेलमध्ये उलटं, म्हणजे शीटवर वर्डची फाईल बसवली असेल, तर वस्तूवर एकदा क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये बघा. तिथे नाव लिहिलेलं असतं.

या एका ओळीवर पुढचं सगळं अवलंबून आहे. मदत मागताना लोक पानाचा फोटो पाठवतात. त्याऐवजी या ओळीचा फोटो पाठवला तर उत्तर देणाऱ्याचा आणि तुमचा, दोघांचा वेळ वाचेल.

एक्सेल आहे, तरी "इन्स्टॉल नाही" म्हणतं

एक्सेल डोळ्यांसमोर चालू असताना वर्ड सांगतं की हा प्रोग्रॅम इन्स्टॉल नाही किंवा प्रतिसाद देत नाही. इथे दहातल्या बऱ्याच वेळा एक्सेलची कुठलीतरी छोटी खिडकी मागे उघडी राहिलेली असते: "सेव्ह करायचं का?" असं विचारणारी, नाहीतर प्रिंटची. ती बंद होईपर्यंत एक्सेल दुसऱ्या कुणाला उत्तर देत नाही. सगळ्या एक्सेल फायली बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये न दिसणारं एक्सेल चालू आहे का बघा, असेल तर तेही बंद करा, आणि पुन्हा प्रयत्न करा.

त्यानंतर बघायचं ते पिवळी पट्टी. मेलमधून किंवा व्हॉट्सॲपवरून उतरवलेली फाईल सुरक्षित दृश्यात उघडते आणि त्यात आतली वस्तू उघडत नाही. पाठवणारा खात्रीचा असेल तरच "एनेबल एडिटिंग" दाबा.

तिसरं कारण जरा लपलेलं असतं. त्याच कॉम्प्युटरवर कुणीतरी दुसरं ऑफिस सॉफ्टवेअर टाकलेलं असतं, किंवा मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्याच दोन आवृत्त्या असतात, आणि नोंदणीत एक्सेलच्या नावापुढे भलताच पत्ता बसलेला असतो. कंट्रोल पॅनेलमधून ऑफिसची "क्विक रिपेअर" चालवली की बहुधा नोंदणी जागेवर येते.

आणखी एक गंमत नव्हे, खरी अडचण. आतली शीट नव्या एक्सेलमध्ये केलेली असेल आणि त्यात एक्सलुकअप वापरला असेल, तर एक्सेल २०१६ किंवा २०१९ असलेल्या कॉम्प्युटरवर शीट उघडेल, पण आकडेमोड पुन्हा झाली की त्या खान्यात नावाची चूक (#NAME?) दाखवेल. तो फॉर्म्युला एक्सेल २०२१ पासून आणि सदस्यत्वाच्या (मायक्रोसॉफ्ट ३६५) आवृत्तीतच आहे. लिब्रेऑफिसमध्ये तो २४.८ या आवृत्तीपासून आला. दरपत्रक बनवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: बाहेर जाणाऱ्या शीटमध्ये जुना व्हीलुकअप किंवा इंडेक्स-मॅचच बरा.

लिब्रेऑफिसमधली ती चौकटींची जोडी

लिब्रेऑफिसबद्दल "त्यात एक्सेल शीट उघडतच नाही" असा समज पसरलेला आहे, तो खरा नाही. पण त्याची पद्धत वेगळी आहे. टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात लोड/सेव्ह आणि त्याखाली मायक्रोसॉफ्ट ऑफिस असं पान आहे. तिथे एक्सेल, वर्ड, पॉवरपॉइंट आणि समीकरणं यांच्यापुढे चौकटींचे दोन रकाने आहेत. पहिला उघडतानाचा, दुसरा सेव्ह करतानाचा.

एक्सेलपुढे पहिली चौकट खुणावलेली असेल तर फाईल उघडताना आतली शीट कॅल्कची, म्हणजे लिब्रेऑफिसच्या एक्सेलसारख्या प्रोग्रॅमची होते, आणि एक्सेल नसलेल्या कॉम्प्युटरवरही, अगदी लिनक्सवरही, तुम्ही ती बदलू शकता. दुसरी चौकट खुणावलेली असेल तर सेव्ह करताना ती पुन्हा एक्सेलची होते. घोटाळा होतो तो पहिली खूण असून दुसरी नसल्यावर. मग वर्डच्या फाईलच्या पोटात लिब्रेऑफिसची शीट जाऊन बसते, आणि पुढच्या माणसाकडे लिब्रेऑफिस नसेल तर त्याला फक्त चित्र मिळतं. त्यानं अल्ट-एफ९ केलं की एक्सेलऐवजी दुसरंच नाव दिसेल. तसं दिसलं की भांडत बसू नका, पाठवणाऱ्याला दुसरी चौकट खुणावायला सांगा आणि फाईल पुन्हा सेव्ह करून मागवा.

दोन्ही खुणा असल्या तरी काही गोष्टी बदलतातच, आणि त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या. तक्त्याचा दिसणारा भाग सरकतो: सहा रकाने दिसत होते तिथे पाच दिसतात, किंवा खाली तीन रिकाम्या ओळी येतात. शीट उघडी असताना कडेचे ठिपके ओढून तो भाग पुन्हा बसवावा लागतो, आणि ते झाल्यावरच बाहेर क्लिक करायचं. आत मॅक्रो असतील तर त्यांचा भरवसा धरू नये. आणि वस्तू एक्सेलची नसून व्हिजिओचा आराखडा किंवा ऑटोकॅडचं ड्रॉइंग असेल, तर लिब्रेऑफिस ती पोटातल्या पोटात बदलू देईल याचा भरवसा नाही. महापे एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या प्रस्तावांमध्ये यंत्रांच्या मांडणीचे असे आराखडे नेहमी असतात. ते खात्रीनं बदलायला तो प्रोग्रॅम त्याच कॉम्प्युटरवर हवा. मॅकवर व्हिजिओ येतच नाही, त्यामुळे तिथे प्रश्नच मिटला.

ब्राउझर आणि फोन

इथे फार शोधाशोध नको. ब्राउझरमधल्या वर्डमध्ये बसवलेली वस्तू दिसते, बदलता येत नाही. टीम्समध्ये उघडलेल्या फाईलचंही तेच. "डेस्कटॉप ॲपमध्ये उघडा" हा पर्याय घ्या. फोनवर फक्त बघायचं.

गुगल डॉक्सबद्दल मात्र सावध करतो. वर्डची फाईल तिथे चढवून गुगल डॉक्सच्या स्वरूपात बदलली की आतली शीट त्या नव्या प्रतीत येत नाही. ती प्रत परत वर्ड म्हणून उतरवली तर आत काढायला काही उरलेलं नसतं. ड्राइव्हवर मूळ फाईल ठेवायला हरकत नाही, पण तिची बदललेली प्रत हीच आता मूळ, असं कुणी धरून चालू नये. खुद्द गुगल शीट्समधून डॉक्समध्ये चिकटवलेला आलेख जोडलेला राहतो, "अपडेट" बटणावर ताजा होतो, पण वर्ड म्हणून उतरवताना तोही चित्र होऊन येतो.

छापताना जुना आकडा

मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत जास्त खटकते, कारण इथे कुठलाही संदेश येत नाही. आधी सांगितलं तसं, छापलं जातं ते चित्र. पीडीएफमध्ये जातं तेही चित्रच. डेटा बदलला आणि चित्र ताजं झालं नाही, तर कोटेशनवर जुना दर जातो आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी लावून बेरीजही जुनीच. ग्राहक त्यावर खरेदी आदेश देतो, मग निस्तरायला सगळं ऑफिस लागतं.

असं का होतं? जोडलेली, म्हणजे लिंक असलेली शीट असेल तर मूळ फाईल हलवली गेली किंवा तिचं नाव बदललं, त्यामुळे वर्डला ती सापडत नाही आणि ते शेवटचं चित्रच दाखवत राहतं. वर्डच्या फाईल मेनूत इन्फो आणि तिथे "एडिट लिंक्स टू फाइल्स" उघडून पत्ता बदला, मग एफ९. लिब्रेऑफिसमध्ये हीच सोय एडिट मेनूत आहे. पेन ड्राइव्हवरून काम करणाऱ्यांना हा त्रास जास्त, कारण एका कॉम्प्युटरवर तो ई असतो आणि दुसऱ्यावर एफ.

आत बसवलेली शीट असेल तर बहुतेक वेळा कुणीतरी ती वेगळ्या खिडकीत उघडली, बदलली, आणि ती खिडकी बंद व्हायच्या आधीच वर्डची फाईल सेव्ह करून पाठवली. किंवा आत दोन शीट आहेत आणि बंद करताना भलती शीट समोर होती. चित्र समोरच्या शीटचंच निघतं. यावर उपाय एकच आणि तो सवयीचा: पाठवण्याआधी पीडीएफ करा आणि वर्ड नाही, ती पीडीएफ वाचा. एकूण रकमेचा आकडा एक्सेलमधल्या आकड्याशी डोळ्यांनी जुळवा.

आतून आणखी काय काय जातं

खारघर, नेरुळ, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, त्यामुळे त्याआधीच्या आठवड्यांत नोटिशी आणि अहवालांची घाई असते. सेक्रेटरी एक्सेलमधून जमाखर्चाच्या वीस-पंचवीस ओळी निवडतात, वर्डच्या नोटिशीत शीट म्हणून चिकटवतात आणि फाईल सभासदांच्या ग्रुपवर टाकतात. निवडल्या त्या वीस ओळी, पण आत गेली ती पूर्ण वर्कबुक. त्यात दुसऱ्या पानावर फ्लॅटवार थकबाकी, तिसऱ्यावर वॉचमनचे पगार आणि बँकेचे तपशील असले, तर एक डबल क्लिक केलं की सगळ्यांना सगळं दिसतं.

ही चूक ठरवून कुणी करत नाही. पण ज्याची थकबाकी अशी चव्हाट्यावर येते त्याला ते कळून काही दिलासा मिळत नाही. म्हणून बाहेर जाणाऱ्या फाईलमध्ये शीट ठेवूच नका. तक्ता निवडा, कंट्रोल, शिफ्ट आणि एफ९ एकत्र दाबा, की शीट जाऊन फक्त चित्र राहतं. हे प्रतीवरच करायचं, मूळ फाईलवर नाही. मोठी फाईल असेल आणि किती ठिकाणी काय बसवलंय ते आठवत नसेल, तर इन्फोमधला "इन्स्पेक्ट डॉक्युमेंट" आत बसवलेल्या फायली आहेत का ते सांगतो. तो त्या काढून मात्र देत नाही, काढायच्या तुम्हालाच.

एक्सेलमधून चिकटवतानाच "पेस्ट स्पेशल" घेऊन चित्र किंवा साधा तक्ता निवडला तर हा प्रश्न मुळातच येत नाही. साध्या बेरजेसाठी वर्डच्या स्वतःच्या तक्त्यातही सूत्र टाकता येतं, आकडा बदलल्यावर तिथे एफ९ दाबायचं एवढंच.

पॉवरपॉइंटचे आलेख

आलेख ही थोडी वेगळी जात. एक्सेलमधला आलेख कॉपी करून पॉवरपॉइंटमध्ये नेहमीसारखा पेस्ट केला की तो मूळ फाईलशी जोडला जातो, आत येत नाही. हे फार थोड्यांना माहीत असतं. सादरीकरण दुसऱ्याकडे गेलं, त्यानं "एडिट डेटा" दाबलं, की जोडलेली फाईल उपलब्ध नाही असं उत्तर मिळतं. पेस्ट करतानाच्या छोट्या चौकटीत "एम्बेड वर्कबुक" निवडलं असतं तर चाललं असतं, फक्त मग थकबाकीबद्दल वर सांगितलेला धोका इथेही आलाच.

मूळ फाईल हरवलीच असेल तरी आकडे गेलेले नसतात. आलेख काढायला लागलेल्या किमती पॉवरपॉइंट स्वतःकडे लिहून ठेवतं. सादरीकरणाची प्रत लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये उघडा, आलेखावर डबल क्लिक करा, मग उजवं क्लिक करून "डेटा टेबल" घ्या. आकडे समोर येतात. ते नव्या एक्सेल शीटमध्ये उतरवून घ्या आणि आलेख पॉवरपॉइंटमध्ये नव्यानं काढा. लिब्रेऑफिसमधून सेव्ह केलेलं सादरीकरण परत पॉवरपॉइंटमध्ये नेलं तर "एडिट डेटा" पुष्कळदा चालत नाही, म्हणून तिथून फक्त आकडे घ्यायचे.

शिक्षकांसाठी: जुनी समीकरणं आणि जुने फॉन्ट

नौपाड्यातल्या आणि वाशीतल्या क्लासेसकडे गणिताच्या जुन्या प्रश्नपत्रिका वर्डमध्ये आहेत. त्यातली समीकरणं जुन्या इक्वेशन एडिटरची. त्यात गंभीर सुरक्षादोष सापडल्यावर मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये तो एडिटर ऑफिसमधून काढून टाकला. समीकरण दिसतं, छापतं, पण डबल क्लिकला "उपलब्ध नाही" म्हणतं. ऑफिस पुन्हा टाकून काही होणार नाही, आणि कुठून तरी जुना एडिटर मिळवून बसवू नका, तो काढला त्याला कारण होतं.

मार्ग असा. लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समधल्या त्याच मायक्रोसॉफ्ट ऑफिस पानावर समीकरणांपुढची पहिली चौकट खुणावा, फाईलची प्रत उघडा आणि वर्डच्या नव्या स्वरूपात सेव्ह करा. समीकरणं वर्डच्या आजच्या समीकरणांत बदलतात. प्रत्येक समीकरण मूळ छापील प्रतीशी ताडून बघा, विशेषतः मूळचिन्हं, सारणिक आणि घातांक. एक घातांक खाली उतरला तर मुलांचं उत्तर चुकतं.

मराठी मजकुराचं वेगळं दुखणं आहे. जुन्या शीटमध्ये युनिकोडपूर्व फॉन्ट, म्हणजे रोमन अक्षरांनाच मराठी रूप देणारा जुना फॉन्ट असेल तर चित्र छान मराठी दिसतं, पण तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर डबल क्लिक झालं की चित्र नव्यानं निघतं आणि मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा खच पडतो. डबल क्लिक आधी करू नका हे मी सुरुवातीला म्हणालो, ते मुख्यतः याच्यासाठी. युनिकोड असलं तरी मंगल किंवा निर्मला हे फॉन्ट विंडोजचे आहेत, लिनक्सवर त्यांच्या जागी लोहित किंवा नोटो येतो. अक्षरं तीच राहतात, पण रुंदी बदलते आणि रकाना कापला जातो. दोन्ही ठिकाणी नोटो टाकून घेतला तर हा फरक बराच कमी होतो, आणि तो मोफत आहे.

काहीच उघडत नसेल तर: शीट बाहेर काढणे

वर्डची नवी फाईल ही आतून झिप असते. सेव्हन-झिप हा झिप उघडणारा प्रोग्रॅम असेल तर फाईलवर उजवं क्लिक करून थेट उघडता येते. नसेल तर प्रतीच्या नावातलं शेवटचं टोक बदलून झिप करा, त्यासाठी एक्सप्लोररमध्ये फाईलची टोकं दिसायला हवीत. आत "वर्ड" फोल्डर, त्यात "एम्बेडिंग्ज". पॉवरपॉइंटमध्ये "पीपीटी"च्या आत, एक्सेलमध्ये "एक्सएल"च्या आत हेच नाव. तिथे एक्सेलच्या फायली सरळ पडलेल्या असतात. बाहेर ओढा आणि उघडा. ज्या कॉम्प्युटरवर एक्सेल नाही तिथे कॅल्कमध्येही उघडतात. कुठलाही पैसे घेणारा रिकव्हरी प्रोग्रॅम यासाठी लागत नाही.

फाईलला उघडण्याचा पासवर्ड असेल तर ती झिपसारखी उघडत नाही, आधी वर्डमधून पासवर्ड काढावा लागतो. जुन्या डॉक प्रकारची असेल तर आधी नव्या प्रकारात सेव्ह करा. ओडीटी फाईलही झिपच असते, तिच्यात "ऑब्जेक्ट १" अशा नावाचे फोल्डर सापडतात आणि चित्रं वेगळ्या "ऑब्जेक्ट रिप्लेसमेंट्स" फोल्डरमध्ये.

कधी एक्सेल फाईलऐवजी शेवटी "बिन" असलेली फाईल मिळते. ती सेव्हन-झिपमध्येच उघडून आत बघा. आत "वर्कबुक" नावाचा भाग दिसला तर ती जुनी एक्सेल शीट आहे: बाहेरच्या बिन फाईलचंच टोक एक्सएलएस करा आणि उघडा. "पॅकेज" दिसलं तर तेवढा भाग बाहेर काढून त्याला एक्सएलएसएक्स टोक द्या. "कंटेंट्स" दिसलं आणि वस्तू पीडीएफची होती, तर तो भाग काढून पीडीएफ टोक द्या.

एम्बेडिंग्ज फोल्डर रिकामा असेल किंवा मुळात नसेल, तर या फाईलच्या आत शीट नाहीच. मग अल्ट-एफ९ च्या ओळीत जो पत्ता दिसतो, त्या कॉम्प्युटरवर ज्याचा हात आहे त्याला फोन करून मूळ फाईल मागवायची. पत्ताही नसेल तर "मीडिया" फोल्डरमधलं चित्र मोठं करून समोर ठेवा आणि आकडे हातानं नव्या शीटमध्ये भरा.